खात्याच्या डोक्यावरचं ‘श्री’ : एका परीक्षार्थीचं प्रकरण

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या आमच्या हिशेब तपासणीच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. अशात ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता मोबाइल पुढं केला. इंग्रजीतला दोन परिच्छेदांचा ईमेल होता. सोबत तिच्याच उत्तरपत्रिकेतल्या एका पानाची प्रत. पानावर आखीवरेखीव खातं, डावीकडं डेबिट, उजवीकडं क्रेडिट, आणि खात्याच्या वर मधोमध देवनागरीत एकच अक्षर: श्री. त्याच्याभोवती लाल गोल.

मुलगी बी.कॉम. करता करता आमच्याकडं अर्धा दिवस काम करते. सप्टेंबरात तिनं हिशेबाच्या व्यवसायातल्या एका संस्थेच्या मधल्या टप्प्याची परीक्षा दिली होती, पहिला ग्रुप, तीन पेपर: हिशेब, कायदा आणि कर. संस्थेचं नाव इथं देत नाही. मुलीची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. ज्या नियमावर गाडी अडली तो कमीजास्त फरकानं सगळ्याच व्यावसायिक परीक्षांत असतो, त्यामुळं नावानं काही अडत नाही.

ईमेलमध्ये म्हटलं होतं की उत्तरपत्रिकेत ओळख पटवणारी किंवा धार्मिक खूण आढळली आहे, सूचनांनुसार हा गैरमार्गाचा अवलंब ठरतो, तरी आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

ती म्हणाली, “सर, मी कॉपी न्हाई केली ओ. माझ्याकडं चिठ्ठी न्हाई, काय न्हाई.”

मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कॉपी केली असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. तिला ते पटेना. ‘गैरमार्ग’ हा एकच शब्द तिला दिसत होता. पुढं दोन महिने हे प्रकरण खरं त्या शब्दानंच खाल्लं.

श्री कुठून आलं ते आधी सांगतो. तिचे वडील मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत, तीस वर्षं झाली. शेतकऱ्याच्या पट्ट्या करणं, हमाली-तोलाई वजा घालणं, कुणाची उचल किती राहिली ते बघणं, सगळं हातानं. संगणक आला तरी त्यांची लाल कापडाच्या पुठ्ठ्याची कीर्द-खतावणी सुटलेली नाही. पोरगी आठवीत असल्यापासून सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून खाती आखायची. दिवाणजींचा दंडक असा, की कोरं खातं उघडलं की आधी वर श्री, मग पक्षकाराचं नाव, मग रक्कम. श्री नसलेलं खातं त्यांच्या लेखी उघडलेलंच नाही.

देशी नाम्यात, म्हणजे हिशेबाच्या जुन्या पद्धतीत, जमेची (क्रेडिट) बाजू डावीकडं असते आणि नावेची (डेबिट) उजवीकडं. कॉलेजात येऊन तिला हे उलटं करावं लागलं, डेबिट डावीकडं घ्यावं लागलं. भाषा बदलली, बाजू बदलल्या, आकडे इंग्रजी झाले. वरचं श्री तेवढं हातात राहिलं, कारण ते पुसायला कुणी सांगितलंच नाही. आमच्या ऑफिसातही नाही. तिच्या कामाच्या कागदांवर मी कैकदा सह्या केल्यात आणि वरचं श्री मला कधी खटकलं नाही. कोल्हापुरात ते खटकणारं अक्षरच नाही. गुजरीतल्या पावतीपुस्तकापासून उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या चलनापर्यंत कुठंतरी श्री किंवा ‘अंबाबाई प्रसन्न’ असतंच.

प्रवेशपत्रासोबतच्या सूचना आम्ही दोघांनी मग शांतपणे वाचल्या. बारीक टायपातलं एक पान. नेमून दिलेल्या जागेशिवाय कुठंही बैठक क्रमांक लिहू नये. नाव, सही, देवाचं नाव, धार्मिक चिन्ह, प्रार्थना, तपासनिसाला विनंती, यांतलं काही उत्तरपत्रिकेत नको. मोबाइल बंद करून खिशात ठेवला तरी तो सापडणं हाच भंग. खाली ‘सूचना वाचल्या आहेत’ म्हणून तिची सही. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ हा दरवाजा तिनंच सहीनं बंद केला होता. खुलाशात हे वाक्य येता कामा नये, हे तेव्हाच ठरलं. असल्या बहुतेक खुलाशांची सुरुवात याच वाक्यानं होते आणि वाचणाऱ्याचा विश्वास तिथंच उडतो.

दुसरा मुद्दा मी तिच्यापेक्षा तिच्या वकील मामाला समजावत होतो. मामा कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतात. त्यांनी दोन दिवसांत पाच पानी खुलासा तयार केला: संविधानाचं कलम 25, श्री हे धार्मिक चिन्ह नसून मांगल्याचं अक्षर कसं, लाखो लोक ते लिहितात तेव्हा त्यावरून एकीचीच ओळख कशी पटेल. भाषा झणझणीत होती. शेवटचा मुद्दा वरवर बिनतोडही वाटतो.

पण नियमाची गोम तिथंच आहे. खुणेवरून नाव कळावं लागतच नाही. आधी कुणाशी ठरलं असेल तर नेमकी अशीच खूण वापरली जाईल, जी शंभर जणांना निरागस वाटेल. ‘पहिल्या खात्यावर श्री’ एवढा निरोप पुरतो. आणि इंग्रजीत लिहिलेल्या अख्ख्या उत्तरपत्रिकेत देवनागरीचं एकच अक्षर असेल तर ते लपत नाही, उठून दिसतं. तपासणाऱ्यानं संगनमत सिद्ध करायचं म्हटलं तर ते कधीच सिद्ध होणार नाही, म्हणून नियम हेतू विचारत नाही, खूणच बंद करतो. देवाला बंदी असा त्याचा अर्थ लावला की आपण भलत्याच मैदानात कुस्ती खेळायला उतरतो. ‘ओम’ला जे लागू तेच ‘786’ला, क्रॉसला, आणि ‘सर, शेवटची संधी आहे, पास करा’ या विनवणीलाही.

मामांना पटलं असं म्हणवत नाही. पण ते म्हणाले, “मग कायदा काय म्हणतोय ते तरी बघू या.”

ते बघण्यासारखं निघालं. 1954 सालच्या उत्तर प्रदेश बोर्डाच्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या तिघा मुलांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, घनश्याम दास गुप्ता या नावानं ते ओळखलं जातं. गैरमार्गाच्या आरोपावरून बोर्डानं त्यांचा निकाल रद्द केला, पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही, आणि हे सगळं त्यांना एका शब्दानं न विचारता. 1962 मध्ये न्यायालयानं सांगितलं की इतका गंभीर परिणाम करणाऱ्या समितीनं न्यायबुद्धीनं वागलं पाहिजे, म्हणजे मुलाला बाजू मांडू दिली पाहिजे. आज परीक्षार्थीला कारणे दाखवा नोटीस येते, सुनावणी मिळते, त्यामागं हा विचार आहे.

मामा खूश झाले. मग मी 1992 चा निकाल पुढं ठेवला: कर्नाटक लोकसेवा आयोग विरुद्ध बी. एम. विजय शंकर. तिथं उमेदवारांनी मनाई असताना उत्तरपत्रिकेच्या आत बैठक क्रमांक लिहिले होते. आयोगानं त्या उत्तरपत्रिका तपासल्याच नाहीत. न्यायाधिकरणानं उमेदवारांची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयानं ती फिरवली. स्पर्धा परीक्षेतली गोपनीयता जपायची आणि निर्णय तातडीनं घ्यायचा, अशा ठिकाणी आधी सुनावणी दिली नाही म्हणून आयोगाचा निर्णय पडत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपलं प्रकरण चिठ्ठीवाल्यांपेक्षा या बैठक क्रमांकवाल्यांच्या जवळचं आहे, हे मामांनाही कळलं. आपल्याला तर सुनावणी मिळणार होती. ती कलम 25 वर उधळायची की वापरायची, एवढाच प्रश्न उरला.

तिसरा विषय गल्लीतून आला. कुणीतरी तिच्या आईला सांगितलं होतं की आता परीक्षेत काही सापडलं तर तीन वर्षं जेल आणि दहा लाख दंड. आई दोन रात्री झोपली नाही. आकडे खरे आहेत, माणसं चुकीची आहेत. 21 जून 2024 पासून लागू झालेला केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा पेपर फोडणाऱ्यांसाठी, उत्तरपत्रिकांत फेरफार करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या टोळ्यांसाठी आहे; तीन ते पाच वर्षं कैद, दहा लाखांपर्यंत दंड, संघटित गुन्हा असेल तर आणखी जास्त. त्याच्या परिशिष्टात यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे, बँक भरती, एनटीए वगैरेंच्या परीक्षा आहेत. परीक्षार्थीनं नियम मोडला तर त्याचं त्या त्या परीक्षा संस्थेच्या स्वतःच्या नियमांनी बघायचं, अशी व्यवस्था आहे. हे सगळं मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिता पिता सांगितलं. माऊलीनं शेवटी एकच विचारलं, “म्हणजे पोलीस न्हाई न्हवं येणार?”

पोलीस येणार नव्हते. पण पाडवा आला. अडतीवर वहीपूजनाला दरवर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहायचा मान दिवाणजी लेकीला देतात. त्या दिवशी तिनं पेन हातात घेतला आणि परत ठेवला. “तुम्हीच लिवा,” म्हणाली. दिवाणजींनी लिहिलं. मग त्यांनी मला एका बाजूला घेऊन तो ईमेल मराठीत पुन्हा वाचायला लावला. गैरमार्ग या शब्दाशी मला थांबवलं. “साहेब, तीस वर्षांत माझ्या रोजमेळात रुपयाचा फरक न्हाई. आणि पोरीनं गैरमार्ग केला म्हणत्यात?” त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ज्याच्या बाहीत चिठ्ठी सापडली तो आणि सवयीनं श्री लिहिणारी, दोघं एकाच मथळ्याखाली येतात. शिक्षा कमीजास्त होते, मथळा बदलत नाही. तो बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सूचनाभंग’ असा वेगळा मथळा ठेवला तर नियमाची धार कुठंही कमी होत नाही.

खुलासा लिहायच्या आधी मी तिला बाकीच्या दोन पेपरांबद्दल विचारलं. कायद्याच्या पेपरात श्री लिहिलंस? नाही. कराच्या? नाही, नक्की नाही. मला घाम फुटला. सवय म्हणायची तर तिन्ही पेपरांत दिसायला हवी. एकाच पेपरात, एकाच ठिकाणी असेल तर ती सवय कसली, तो संकेत झाला. समितीचा पहिला प्रश्न हाच असणार.

उत्तर तिच्याच वहीत सापडलं. राजारामपुरीतल्या क्लासच्या सराव चाचण्यांच्या उत्तरपत्रिका तिनं जपून ठेवल्या होत्या. कायद्याच्या चाचण्यांत कुठंही श्री नव्हतं. हिशेबाच्या चाचण्यांत होतं, पण पानाच्या वर नाही. पहिलं उत्तर गद्यात असेल तर त्यावरही नाही. जिथं पहिलं खातं आखलंय तिथं, खात्याच्या डोक्यावर, मधोमध. दिवाणजींच्या खतावणीत असतं तिथंच. हात पानाला नमस्कार करत नव्हता, खात्याला करत होता. ज्या पेपरात खातं नाही तिथं श्री येणारच नव्हतं.

हिशेबाच्या सात चाचण्या होत्या. सहांत श्री, सातवीत नाही. मामांचं म्हणणं पडलं की सातवी जोडायची कशाला, उगीच त्यांच्या हातात कोलीत. मी जोडायला लावली. सहाच दाखवल्या आणि पुढं सात असल्याचं कळलं, तर उरलेलं सगळंच खोटं ठरतं. हिशेब तपासणाऱ्या माणसाला न जुळणारा कागद दिसला की उलट बाकीच्यांवर विश्वास बसतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

खुलासा दीड पानाचा झाला. पहिल्या परिच्छेदात कबुली: सूचना वाचल्या होत्या, सही माझी आहे, अक्षर माझं आहे, भंग झाला आहे. दुसऱ्यात सवय कुठून आली आणि ती खात्यालाच का चिकटली आहे. तिसऱ्यात जोडपत्रं: सात चाचण्या, वडिलांच्या खतावणीच्या दोन पानांच्या प्रती पक्षकारांची नावं झाकून, आणि माझं पत्र की आमच्या ऑफिसातल्या तिच्या कामावरही हे असतं आणि मी ते कधी थांबवलं नाही. शेवटी विनंती, हेतू विचारात घ्यावा. ‘गरीब घरची’, ‘आयुष्याचा प्रश्न’ यांतलं काही नाही. उत्तरपत्रिकेच्या पानाची प्रत नोटिशीसोबतच आली होती म्हणून बरं, नसती तर आधी मागून घेतली असती. आपली तपासलेली उत्तरपत्रिका आपल्याला पाहता येते, हे माहिती अधिकाराखाली सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगून ठेवलंय.

नोव्हेंबरात निकाल लागला. गुणांच्या जागी ‘राखून ठेवला’. त्याच सुमारास जानेवारीच्या परीक्षेचा फॉर्म सुटला. बसायला बंदी आली तर फी बुडणार, आणि निकाल मोकळा झाला तर अभ्यास फुकट. तिनं फॉर्म भरला. यात आमचा कुणाचा सल्ला नव्हता, तिचा तिनं घेतलेला निर्णय होता, आणि या प्रकरणात सगळ्यात उपयोगी तोच ठरला.

सुनावणी मुंबईला होती. दिवाणजी आणि ती रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेले. वडिलांना आत सोडलं नाही. तीन सदस्य, जेमतेम पंधरा मिनिटं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणं: याच पेपरात का? तिनं चाचण्या उघडून दाखवल्या. मग एका सदस्यांनी सगळ्या उलटून पाहिल्या आणि सातवीवर थांबले. इथं का नाही? ती म्हणाली, त्या दिवशी केएमटीची बस चुकली, पाऊण तास उशिरा पोचले, खातं सोडून आधी छोटे प्रश्न घेतले, खातं शेवटी घाईत आखलं. सदस्यांनी पान मागंपुढं करून पाहिलं. खातं खरंच शेवटच्या पानावर होतं आणि अर्धवट होतं.

डिसेंबर संपता संपता आदेश आला. सूचनांचा भंग सिद्ध. गैरफायदा घेण्याचा हेतू आढळला नाही. पहिल्या ग्रुपचा निकाल रद्द. पुढील परीक्षांना बसण्यास मनाई नाही.

इथं माझं संस्थेशी जमत नाही ते सांगतो. हिशेबाचा पेपर रद्द केला असता तरी ती नापासच होती, कारण प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपला मिळून 50 टक्के लागतात. पण ज्या पेपरात 60 किंवा जास्त पडतात त्यात पुढच्या प्रयत्नांसाठी सूट मिळते. करात तिला 60 च्या वर गुण पडतील असा तिचा आणि माझा अंदाज होता. अख्खा ग्रुप रद्द झाल्यानं ज्या पेपरांत काही खोट नव्हती त्यांतली सूटही गेली. खूण एका पेपरात, शिक्षा तिन्हींना. हेतू नव्हता असं लिहून दिल्यावर एवढं तरी सोडायला हवं होतं.

मामा उठले. “रिट टाकू या. आता काय मुंबईला खेटे घालायला नकोत, बेंच इथंच आलंय.” खरंच आलंय, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, 18 ऑगस्ट 2025 पासून, सहा जिल्ह्यांसाठी. अनेक वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली, त्यांचा हात शिवशिवणं मी समजू शकतो. पण 1992 चा निकाल समोर, शिक्षा सौम्य, आणि परीक्षा दहा दिवसांवर. शिक्षा प्रमाणाबाहेर आहे एवढा एकच मुद्दा घेऊन जायचं, तर निकाल येईपर्यंत तिच्या दोन परीक्षा होऊन जातील. बंदी आली असती तर मीच मामांच्या मागं लागलो असतो. तिनं मामांना सांगितलं, “मामा, मला कराचं रिव्हिजन करू दे.”

जानेवारीत ती बसली. आमच्या ऑफिसात कामाच्या कागदांवर आता वर फक्त पक्षकार, कालावधी, कुणी केलं आणि कुणी तपासलं एवढंच असतं. श्री पाडव्याच्या वहीवर. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी सराव चाचण्याही अनोळखी माणसाकडून तपासून घ्यायला सांगतो. ओळखीच्याला श्री दिसत नाही, मला कुठं दिसलं होतं.

तिच्या जानेवारीआधीच्या सराव पेपरांवरून मी एकदा नजर फिरवली. श्री कुठंच नव्हतं. पण पहिलं खातं आखताना ती वर एक ओळ कोरी सोडते, बरोबर मधोमध शीर्षक यावं तेवढी. कोरी ओळ सोडण्याविरुद्ध काही आहे का, म्हणून मी सूचनांचं ते बारीक टायपातलं पान पुन्हा दोनदा वाचून काढलं. नाही.